प्लग फेकण्याआधी वाचा

वाचक विचारतात : गाडी आणि गॅरेज

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून यावेळी आलेली बहुतेक पत्रं वापरलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दल आहेत आणि जवळपास प्रत्येकात स्पार्क प्लगचा विषय आहे. उत्तरांआधी एक विनंती. प्लग काढले की पुठ्ठ्याला भोकं पाडून, त्यांवर १, २, ३, ४ लिहून त्याच क्रमाने खोचून ठेवा. बहुतेक गाड्यांत फॅन बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात. सगळे प्लग एकाच डब्यात पडले की कोणता कुठला ते कळत नाही, आणि निम्मं निदान तिथेच हातचं जातं.

प्रश्न : मार्चमध्ये २०१४ ची, ७८ हजार किलोमीटर चाललेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. उभी असताना थरथरते, मिसिंग मारते (एखादा ठोका चुकतो). मेकॅनिकने प्लग काढले तेव्हा तीन तपकिरी आणि एक काळाकुट्ट निघाला. चारही नवे टाकले. पाच-सहाशे किलोमीटरनंतर पुन्हा तेच. आता तो इंजिन उघडायचं म्हणतोय. उघडावं का? — एक वाचक, चोपडा

उत्तर : एवढ्यात नको. तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे तीन प्लग तपकिरी होते. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे त्या सिलिंडरमधलं जळण ठीक आहे. पेट्रोल भेसळीचं असतं किंवा सगळ्या इंजिनाला माहिती देणारा एखादा सेन्सर बिघडला असता, तर चारही प्लग सारखेच काळे पडले असते. एकच काळा आहे, म्हणजे दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. त्याची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), त्याचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा त्याचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब). यातलं काहीही नव्या प्लगने सुधारत नाही, म्हणून नवाही काळा झाला.

आधी काळेपणा कसला आहे ते पाहा. टोक पांढऱ्या कागदावर घासा. कोरडी, मऊ काजळी उतरली तर ते अर्धवट जळलेलं पेट्रोल आहे. चकचकीत तेलकट डाग पसरला तर ऑइल वर येतंय. प्लग ओला आहे पण पेट्रोलचा वास येतोय आणि वाऱ्यावर काही मिनिटांत वाळतोय, तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाहीये किंवा इंजेक्टर गळतोय. ऑइल असं वाळत नाही.

कोरडा काळा किंवा पेट्रोलने ओला असेल तर बिनखर्चाची चाचणी आधी करा. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना चावी बंद करून संशयित सिलिंडरची कॉइल शेजाऱ्यावर आणि शेजाऱ्याची इकडे लावा. बहुतेक कॉइल एकाच १० मिमीच्या बोल्टवर बसलेली असते. मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून जुने कोड पुसा आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवा. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा स्कॅनरही याला पुरतो. पी-०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. कॉइल तिसऱ्यावर नेल्यावर कोड पी-०३०३ झाला तर कॉइल खराब, विषय संपला. कोड जागेवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करून तीच चाचणी करा. तरीही जागेवरच, तर तिसऱ्यांदा इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉइल आणि प्लग एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

दोन सवयी मात्र गॅरेजमध्ये थांबवा. पहिली, प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी दाखवायची. मोकळ्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये हवा नऊ-दहा पट दाबलेली असते, तिथे ते बरंच जास्त लागतं. त्यामुळे बाहेर निळी ठिणगी देणारी कॉइल आत निकामी ठरू शकते. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तिच्याशेजारी ठिणगी पाडणं धोक्याचं आहे. दुसरी सवय म्हणजे इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचा कनेक्टर काढायचा. ठिणगी बंद आणि इंजेक्टर चालू राहिला की कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या लायनीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तिथली जाळी वितळली की खर्च कॉइलच्या कितीतरी पट होतो. कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहायचंच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा. आवाजात फरक पडला नाही तो सिलिंडर मेलेला.

कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही निर्दोष ठरले तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइल सोडवा, चारही प्लग बाहेर काढा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि गेज लावून पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारा. बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे, नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी येतो. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय मिळतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. पण आकड्याइतकाच सारखेपणा महत्त्वाचा आहे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने फट तात्पुरती भरली. जेमतेम हलला तर वाल्व नीट बसत नाहीये. शेजारशेजारचे दोन्ही कमी आणि ऑइलनेही चढत नाहीत, तर दोघांमधली हेड गॅस्केट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची, पातळ पट्टी) गेलेली असण्याची शक्यता मोठी. हे आकडे कागदावर आल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नका.

प्रश्न : प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, पत्र्याच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसतं. गॅरेजवाला म्हणाला की तिथून कॉम्प्रेशन लीक होतंय, प्लग बाद. — एक वाचक, धुळे

उत्तर : लीक नाही. जास्त व्होल्टेजमुळे चिनी मातीभोवतीची हवा भारित होते आणि तिच्यातले ऑइलचे व धुळीचे कण तिथे चिकटतात, त्याचा हा डाग. याला कोरोना डाग म्हणतात. त्याने काही बिघडत नाही. बिघाडाची खूण वेगळी असते. वरच्या टोकापासून खाली पत्र्यापर्यंत गेलेली काळी, पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी रेघ. म्हणजे ठिणगी आत न जाता बाहेरून उडतेय. ही रेघ दिसली तर प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही (प्लगवर बसणारी टोपी) बदला. बुटाच्या आतल्या बाजूलाही तशीच रेघ उमटलेली असते आणि तीच नव्या प्लगलाही खराब करते.

प्रश्न : भुसावळचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गाडी गरम व्हायची म्हणून आधीच्या मालकाने काहीतरी काम करून घेतलं होतं. आता टेंपरेचरचा काटा वर येतच नाही, पण ऍव्हरेज सतरावरून बारावर आलंय आणि चारही प्लग कोरडे काळे निघतात. मेकॅनिक म्हणतो, इथल्या उष्णतेला ‘थंड’ नंबरचा प्लग लागतो. टाकू का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : थंड प्लग टाकलात तर काजळी आणखी वाढेल. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहावं लागतं. ४५० च्या वर गेलं की टोकावरची काजळी आपोआप जळते. ८५० च्या बरंच वर गेलं की टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. ‘गरम’ प्लगची आतली चिनी माती लांब असते, तिची उष्णता सावकाश बाहेर पडते. ‘थंड’ प्लगची आखूड असते, उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. तुमचे प्लग काळे आहेत, म्हणजे टोक पुरेसं तापतच नाहीये, त्याला आणखी थंड करण्यात अर्थ नाही. बाहेरचे ४५ अंश या हिशोबात फारसे येत नाहीत, कारण हेडचं तापमान कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ठरवतं आणि थर्मोस्टॅट ते एका पातळीवर धरून ठेवतो. कंपनीने दिलेला नंबर भुसावळलाही तोच आणि महाबळेश्वरलाही तोच.

नंबरांबद्दल आणखी एक. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ सारखा धरून प्लग देणारे दुकानदार भेटतात. तक्ता पाहूनच घ्या.

आता खरा दोष. काटा वर येत नाही, याचा अर्थ ‘काम करून घेतलं’ म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकला असावा. आपल्या भागात हे सर्रास होतं आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की इंजिन साठ-सत्तर अंशांवरच फिरत राहतं. इसीएमला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो चोकसारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. ऍव्हरेज गेलं, प्लग काळे झाले आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगाही झिजवायला लागलं.

खात्री करणं सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा, फॅनपासून लांब. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. इंजिनासोबत पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. स्कॅनरवर चालत्या गाडीचं कूलंट तापमान ८५ ते ९५ दिसलं पाहिजे. स्कॅनर थंड दाखवतोय पण पाइप चांगलाच गरम आहे, तर तापमानाचा सेन्सर खोटं सांगतोय. साधारण २० अंशांना त्याचा रोध दोन ते तीन किलो-ओहम आणि ८० अंशांना ०.३ किलो-ओहमच्या जवळ असतो. मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं.

थर्मोस्टॅट परत बसवलात की मूळचा गरम होण्याचा त्रास परत येईल, तोही शोधावा लागेल. रेडिएटरच्या जाळीत कापसाचा भुसा, धूळ, किडे अडकलेत का, फॅन दोन्ही वेगांवर फिरतो का, रेडिएटरचं झाकण दाब धरतं का हे पाहा. आणि आत बोअरचं पाणी आहे का? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खडीसारखे बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, दुसरं काही नको.

एअर फिल्टरबद्दलही लगेच सांगतो, कारण चार काळे प्लग दिसले की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. मारुती ८०० किंवा ओम्नीच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलांत चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण खरोखर घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र आत गेलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. तिथे फिल्टर चोंदला तर गाडीचा दम जातो, पण प्लग काळे व्हायचं ते मुख्य कारण नसतं.

प्रश्न : सुरतहून जीजे पासिंगची, बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी आणली. कन्नड घाटात सीएनजीवर झटके मारते, पेट्रोलवर टाकली की ठीक. प्लग अगदी पांढरे आहेत. गाडी ‘लीन’ (हवा जास्त, इंधन कमी) चालते असं सांगितलंय. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : सीएनजीत काजळी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे त्या गाडीचे चांगले प्लगही पांढरट-फिकट दिसतात. रंगावरून सीएनजी गाडीला लीन ठरवू नका. धोक्याचा पांढरा वेगळा असतो. चिनी मातीवर बारीक फोड किंवा काचेसारखी चमक, इलेक्ट्रोडच्या कडा वितळून गोलाकार झालेल्या, किंवा चिनी मातीवर काळे-चंदेरी दाणे चिकटलेले. हे दाणे पिस्टनच्या ऍल्युमिनियमचे असतात. ते दिसले तर गाडी तिथेच थांबवा.

फक्त सीएनजीवर आणि फक्त चढावर झटके येत असतील तर संशय ठिणगीवर घ्या. हवा-सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर ऍक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढून ती गरज आणखी चढते. अशा वेळी झिजून गॅप (दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) वाढलेला प्लग किंवा कमजोर कॉइल उघडी पडते. सपाट रस्त्यावर, जळगाव-धुळे हायवेला, हीच गाडी तक्रार करणार नाही.

वायर गेजने गॅप मोजा. पेट्रोलसाठी १.० किंवा १.१ मिमी दिलेल्या गाडीत, सीएनजी चालवताना साधे निकेलचे प्लग ०.७ ते ०.८ मिमीवर ठेवले की कॉइलवरचा ताण उतरतो. गॅप कमी करताना बाहेरचं वाकडं इलेक्ट्रोड लाकडावर हलकेच ठोकायचं. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन वाकवायला जाल तर चिनी माती तडकते, आणि ती तड बाहेरून दिसत नाही. इरिडियमचं मधलं टोक तर सुईएवढं असतं, तिथे नाण्यासारखं सरकवायचं गेज अजिबात घालू नका. सीएनजीवर निकेलचे प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटरला बदलावेत असं आमचं मत आहे, पेट्रोलवर ते याहून बरेच टिकतात. गॅप नीट करूनही घाटात झटके राहिले तर बूट आणि कॉइल, आणि त्यानंतर किटचा गॅस फिल्टर. तो महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही.

प्रश्न : वापरलेली गाडी पाहायला जाताना प्लगवरून काय ओळखता येईल? विकणारे हल्ली प्लग नवेच टाकून ठेवतात. — एक वाचक, जळगाव

उत्तर : नवे प्लग असतील तर त्यांवरून काहीच कळणार नाही हे बरोबर. जुने प्लग मागा. गाडी नीट सांभाळणाऱ्या माणसाकडे बऱ्याचदा ते डिकीत सापडतात. नसतील तर आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी सकाळी पाहायला जा आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे याची खात्री करा. पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर वाल्वचे सील कडक झालेत, रात्रभर ऑइल खाली उतरलंय. रेस दिल्यावर, चढावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. दोन्हींत फरक मोठा आहे. सीलचं काम बरंचसं हेडपुरतं असतं, रिंगांना इंजिन खाली उतरवावं लागतं.

मालक तयार असेल तर एक प्लग बाहेर काढून पाहा. पण चाचणी घेण्याआधी गाडी पंधरा-वीस किलोमीटर साठ-सत्तरच्या वेगाने पळवा, चढ असेल तर उत्तम. धुळ्याकडच्यांना लळिंगचा घाट जवळ आहे. मग थांबताच इंजिन बंद करा आणि पुरेसं थंड झाल्यावर प्लग काढा. दहा मिनिटं उभ्याउभ्या चालू ठेवलेल्या गाडीचे प्लग काळसर निघणारच, त्यावरून भाव पाडू नका आणि गाडीही सोडू नका. चारही प्लग सारखे आहेत की एखादाच वेगळा, हे रंगापेक्षा जास्त बोलकं असतं. प्लगवर छापलेला नंबर मॅन्युअलमधल्या नंबराशी जुळवा. न जुळणारा नंबर म्हणजे कुणीतरी एखादा दोष झाकायला गरम किंवा थंड प्लग टाकलाय, निदान तशी शंका घ्यायला जागा आहे.

प्रश्न : घरीच प्लग बदलताना एक प्लग अर्ध्यावर अडकला. ओढून काढला तर हेडचे आटे सोबत आले. आता काय? आणि प्लग किती आवळावेत? — एक वाचक, शहादा

उत्तर : हेड बदलायची गरज बहुधा नाही. फाटलेल्या भोकात मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून पोलादी आट्यांची बुशी किंवा स्प्रिंग बसवतात, पुष्कळ लेथवाले हे करतात. टॅपला ग्रीस लावून मारायचा म्हणजे किस ग्रीसला चिकटतो. पिस्टन अगदी वर असू नये, आणि काम झाल्यावर प्लग न लावता हवेने किस बाहेर काढून दोन-चार वेळा सेल्फ मारायचा. तेवढं न करणाऱ्याकडे काम देऊ नका.

पुढच्या वेळी प्लग थंड इंजिनातच काढा (कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम लागतं, तेवढा अपवाद). गरम ऍल्युमिनियममध्ये आटे धरून बसतात. कॉइल काढल्यावर आधी विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) हवा मारा. आपल्याकडच्या धुळीत प्लगच्या विहिरीच्या तळाशी वाळूचा थर असतो, प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते. पाव फेरा सैल झाल्यावर जड वाटला तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडून काही तास थांबा, मग थोडा सैल, थोडा घट्ट असं पुढे-मागे करत काढा. प्रत्येक वेळी निघणारा कचरा आट्यांतून बाहेर सरकतो.

बसवताना पाना लावण्याआधी प्लग बोटांनी फिरवा. विहीर खोल असेल तर प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा. आटा वाकडा चढला तर नळी घसरते, हेड वाचतं. वायसर (प्लगवरची धातूची चकती) टेकल्यावर १४ मिमी आट्यांच्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो, कारण नवा वायसर दबायचा असतो. तोच प्लग परत लावताय तर वायसर आधीच दबलेला आहे, घड्याळातल्या एका तासाएवढाच फिरवा. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर. १२ आणि १० मिमीचे प्लग अंदाजाने आवळू नका, ते सहज तुटतात. आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावू नका. चकचकीत मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते, आणि निसरड्या आट्यांमुळे तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

सैल ठेवणंही तितकंच वाईट. प्लगची उष्णता वायसर आणि आट्यांमधूनच हेडमध्ये उतरते. सैल प्लग बरोबर नंबरचा असूनही तापून पांढरा पडतो.

प्रश्न : कॉइल काढली तर प्लगच्या विहिरीत ऑइल भरलेलं. रिंगा गेल्या का? — एक वाचक, पाचोरा

उत्तर : नाही. ते ऑइल वरून येतंय, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून किंवा विहिरीभोवतीच्या गोल सीलमधून. दोन्ही रबरी वस्तू आहेत, उष्णतेने कडक होतात. प्लग काढण्याआधी ऑइल फडक्याने किंवा पिचकारीने शोषून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये पडेल आणि तुम्ही खरोखरच रिंगांचं निदान करून बसाल. कॉइलचं बूट ऑइलने फुगलं असेल तर तेही बदला.

प्रश्न : प्लग पॉलिश पेपरने घासून, घासलेटमध्ये धुऊन पुन्हा वापरले तर चालतं का? नकली प्लग कसे ओळखावेत? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : निकेलचा, कमी चाललेला प्लग पितळी ब्रशने हलकेच साफ करून वापरता येतो. पॉलिश पेपरचे कण चिनी मातीच्या खाचेत अडकतात, तो नको. वाळूचा मारा तर नकोच, तीच वाळू पुढे सिलिंडरमध्ये जाते. इरिडियम-प्लॅटिनमला ब्रशही लावू नका. आणि इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील तर साफ करून उपयोग नाही, ठिणगी धारदार कडेवरूनच सहज उडते.

नकली प्लगवर छपाई बोटाने पुसली जाते, मधलं इलेक्ट्रोड केंद्रात नसतं, वायसर आट्यांवरून सहज निघून येतो. अस्सल प्लगचा वायसर सहसा निघत नाही. नंबरात आर हे अक्षर असलेल्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मल्टिमीटर लावा, साधारण ३ ते ८ किलो-ओहम यायला हवेत. शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही. काहीच न आलं तर तो तुटलाय, मग प्लग अस्सल असो वा नकली, बाद.

प्रश्न : माझी जुनी डिझेल जीप थंडीत सकाळी सुरू होत नाही. तिचे प्लग कोणत्या रंगाचे असावेत? — एक वाचक, साक्री

उत्तर : डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतात. तुमच्या जीपमध्ये असतील ते हीटर प्लग (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे), आणि त्यांच्या रंगावरून फारसं कळत नाही. वायर सुटी करून हीटर प्लगच्या टोकापासून इंजिनापर्यंत रोध मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत असतो. मीटर हललाच नाही तर तो जळालाय. सगळे चांगले निघाले तर रिले आणि बॅटरी पाहा.

प्रश्न : गाडीचं पाणी दर आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली कुठे गळत नाही. एक प्लग बाकीच्यांपेक्षा अगदी स्वच्छ, धुतल्यासारखा निघाला. हे चांगलं लक्षण ना? — एक वाचक, रावेर

उत्तर : वाईट आहे, आणि हे वाचल्यापासून गाडी चालवू नका. त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, तिथली वाफ प्लग धुऊन काढतेय. हेड गॅस्केट गेलीय किंवा हेडला तडा आहे.

खात्रीसाठी थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरा, बहुधा १ किलोच्या आसपास. रात्रभर ठेवा. सकाळी चारही प्लग काढून, भोकांवर वाकून न पाहता, सेल्फ मारा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा उडेल तो सिलिंडर दोषी. प्लग लावलेले ठेवून सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरा मार्ग म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर लावायची निळ्या द्रवाची चाचणी. पेट्रोल गाडीत जळालेला गॅस पाण्यात येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

हेड उतरवलं की नुसती गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेड सपाट पट्टी आणि फिलर गेजने तपासायला सांगा. ०.०५ मिमीपर्यंतचा बाक साधारण चालतो, जास्त असेल तर घासून घ्यावं लागतं. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच घ्या. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, ओढून न्या.